जागलीचे मचाण कुठे घालायचे?

(रोहा तालुक्यातून आलेल्या कार्यकर्त्याने यवतमाळ जिल्ह्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘आपत्कालीन कार्य केंद्राची उभारणी’ असा विषय छापला आहे. तो वाचून काही जण हसले असतील. कपाशीच्या भावाचे बोलायचे, विजेचे बोलायचे, आणि हा कोकणातला माणूस सरकारी खोली कशी बांधावी ते सांगायला इतक्या लांब आला! हसायला हरकत नाही. पण अर्धा-पाऊण तास ऐका, मग ठरवा.

मी पेण-रोह्याकडचा. आमच्याकडे ना पऱ्हाटी, ना जोंधळा. भात, वाल, खाडीकाठची खारजमीन आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तुमच्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पडतो आणि तोही नको तेव्हा. तरी मी सांगतो की हा विषय आमच्यापेक्षा तुमच्या मातीतला जास्त आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारीला जमीन हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तो सगळा मुलूख जोंधळ्याचा. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात घरे बांधली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच कार्यक्रमात राज्याचा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार झाला, जिल्ह्याजिल्ह्यांचे आराखडे झाले, मंत्रालयात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नियंत्रण कक्ष उघडले. आज रायगडच्या जिल्हाधिकारी कचेरीत 1077 नंबरचा फोन वाजतो, त्याच्या मुळाशी कोरडवाहू शेतकऱ्याची मढी आहेत. तेव्हा तो फोन कसा चालतो हे विचारण्याचा पहिला हक्क तुमचा.

आणि हे जुने झाले असे समजू नका. 30 जुलै 1991 ला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदी शिरली, दोनशेच्या वर माणसे गेली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात, सीनेच्या काठाला, जिथे टँकरची वाट पाहायची सवय तिथे घराच्या धाब्यावर बसून होडीची वाट पाहावी लागली. दुष्काळी म्हणून ज्याचे नाव घेतो त्या तालुक्यात होडी कुणाकडे आहे, ती कुणी मागवायची, हे कुणी लिहून ठेवलेले असते का? दुष्काळाची तयारी आहे म्हणून पुराची तयारी नको, असा हिशेब निसर्ग पाळत नाही.

आता हे केंद्र म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. जोंधळा हुरड्यात आला की तुम्ही जागलीला जाता. मचाण घालता. ते मचाण कुठे घालता? घराजवळ सोयीचे म्हणून कोपऱ्यात घालत नाही. जिथून सगळे शेत दिसते, जिथून आरोळी चारही बांधांपर्यंत पोचते, आणि जे रानडुकराच्या धक्क्याने पडत नाही, अशा जागी घालता. जागल्याला झोप लागू नये म्हणून पाळी बदलता. हाक आली तर कोण काठी घेऊन पळणार, हे आधी ठरलेले असते. आपत्कालीन केंद्र म्हणजे एवढेच. फरक इतकाच की ही जागल सरकारने करायची असते, पगार घेऊन करायची असते, आणि ते मचाण ठेकेदार बांधतो. गोंधळ तिथून सुरू होतो.

आमच्या जिल्ह्याने काय पाहिले

रायगडचा अनुभव क्रमाने सांगतो, कारण केंद्राची प्रत्येक खोली या अनुभवातून काढायची आहे.

24 जुलै 1989. सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा हे अंबा नदीच्या काठचे गाव. रात्रीत सह्याद्रीवर पाऊस कोसळला, नदी गावात शिरली आणि माणसे, गुरे, घरे घेऊन गेली. खाली नागोठण्यातही पाणी भरले. आमच्या नद्या गोदावरीसारख्या नाहीत. नाशिकला पूर आला तर नांदेडला पाणी पोचायला दिवस लागतात, निरोप जातो, माणूस सामान हलवतो. अंबा, कुंडलिका, सावित्री या घाटातून निघतात आणि पन्नास-साठ मैलांच्या आत समुद्राला मिळतात. वर पाऊस पडला की काही तासांत खाली पाणी. म्हणजे निरोप तासात गेला तरच त्याला निरोप म्हणायचे, नाहीतर ती बातमी.

नोव्हेंबर 1990. त्याच नागोठण्याच्या वायू प्रकल्पात गळती होऊन स्फोट झाला, तीसहून अधिक माणसे दगावली. हा महिना ध्यानात ठेवा. नोव्हेंबर. आपल्याकडे तालुक्याचा नियंत्रण कक्ष बहुतेक ठिकाणी 1 जूनला उघडतो आणि 30 सप्टेंबरला कुलूप लागते, कारण तो मान्सूनपुरता आहे असे समजतात. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. तिथे 2024 च्या सप्टेंबरमध्येही एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. रसायनाच्या टाकीला पंचांग कळत नाही.

मग 2005 चा जुलै. 26 तारखेला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले. त्याच दोन दिवसांत आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाड आणि पोलादपूरकडे, जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर डोंगर उतरले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. रस्ते बंद, फोन बंद. मेलेल्या माणसांची बातमी बाहेर यायलाच वेळ लागला. राजधानी बुडत असताना खेड्याची हाक कुणाच्या कानावर पडणार? म्हणून मी नेहमी म्हणतो, तालुक्याचे केंद्र हे जिल्ह्याच्या केंद्राची पोस्टाची पेटी असून चालत नाही. वरून काही येणार नाही असे धरूनच ते बांधले पाहिजे.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ हा उलटा अनुभव. त्याचा इशारा वेळेवर आला. किनाऱ्यावरची माणसे आधी हलवली, जीव वाचले. हे श्रेय द्यायला हवे. पण वादळ गेल्यावर विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे मुके. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, रोहा इथून कुणाचे छप्पर गेले, कुणाची सुपारीची वाडी झोपली, कोण जखमी आहे, हे कळवायला माणूस मोटारसायकलवर झाडे ओलांडत निघाला. ज्या मोबाइलच्या जिवावर सगळी योजना उभी होती तो पहिल्या तासात गेला.

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसे गेली. खाली महाड पाण्यात होते, त्यामुळे बाहेरची मदत दुसऱ्या दिवशी पोचली. आणि 19 जुलै 2023 ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास ठाकरांच्या वाडीवर डोंगर आला. वर गाडी जात नाही, यंत्र जात नाही, तासाभराची चढण. चार दिवस हातांनी, कुदळ-फावड्यांनी खणले. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे शेवटपर्यंत सापडली नाहीत, 23 जुलैला शोध थांबवला. ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. सरकारनेच तसे सांगितले. म्हणजे यादी होती. कागद होता. वाडी त्यावर नव्हती.

जागा

आता बांधायला घेऊ. पेण आणि रोहा हे दोन तालुके घेतो, कारण पाणी, वारा, समुद्र आणि रसायन, सगळी संकटे तिथे एका ठिकाणी भेटतात.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पेण शहर भोगावती नदीवर, वर हेटवण्याचे धरण. पश्चिमेला खाडी, तिच्या काठाने खारभूमीची गावे, समुद्राच्या उधाणापासून बांधाने राखलेली. तिथून दक्षिणेला महामार्गाने निघालात की वडखळ, मग अंबेवरचे नागोठणे. पुढे भिसे खिंड ओलांडली की कुंडलिकेवरचे रोहा. आता विचार करा, नागोठण्यात अंबा फुगली तर काय होते? पेण एका बाजूला, रोहा दुसऱ्या बाजूला. जिल्ह्याची कचेरी अलिबागला, समुद्रकाठी. नागोठणे महसुलाने रोह्याचे, पण पुराच्या दिवशी ते रोह्याचे राहील की नाही हे नदी ठरवते. म्हणून पहिली गोष्ट, दोन्ही तालुक्यांना स्वतंत्र केंद्र हवे, आणि नागोठण्याला तिसरे छोटे ठाणे, जिथे होडी, दोर, बिनतारी यंत्र आणि निर्णय घेऊ शकणारा एक माणूस पावसाळाभर राहील. कागदावरची हद्द पाहून आखलेले केंद्र पहिल्याच पुरात निम्म्या तालुक्याला तुटते.

दुसरी गोष्ट, इमारतीची जागा. आपल्याकडे रीत अशी की तहसील कचेरीच्या आवारात रिकामी खोली असेल ती द्यायची. कोकणातली जुनी गावे नदीच्या धक्क्यावर वाढली, कारण माल गलबताने येई. बाजार, कचेऱ्या, सगळे पाण्याजवळ. तेव्हा जागा ठरवण्याआधी 1989 ची आणि 2005 ची पुराची खूण कुठवर होती हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचे, भिंतीवर रेघ मारायची, आणि जोते त्या रेघेच्या वर घ्यायचे. जनित्र त्याहून वर. हे मुद्दाम सांगतो, कारण जनित्र जड म्हणून ते नेहमी तळमजल्यावर किंवा तळघरात बसवतात, आणि पाणी पहिल्यांदा तिथेच जाते. मग वर खोली कोरडी असून अंधारी.

रोह्यात आणखी एक बघावे लागते, वारा. धाटावला वायू सुटला आणि वारा गावाकडे असला तर केंद्रातल्या माणसांनाच पळावे लागेल. म्हणून रोह्याचे केंद्र वसाहतीपासून शक्य तितके दूर, आणि त्याला दुसरी पर्यायी जागा आधीपासून ठरवलेली, तारा ओढलेली, किल्ली कुणाकडे हे ठाऊक असलेली.

पर्यायी जागा कशाला, असे अधिकारी विचारतात. त्यांना न्यूयॉर्कचे उदाहरण द्या, मोठ्या शहराचे दिले की ऐकतात. त्या शहराने आपले आपत्कालीन केंद्र जागतिक व्यापार केंद्राच्या आवारातल्या सात नंबरच्या इमारतीत, 23 व्या मजल्यावर थाटले होते. 1999 मध्ये सुरू झाले. खर्च भरपूर, यंत्रे अद्ययावत. 11 सप्टेंबर 2001 ला हल्ला झाला तेव्हा ते केंद्र सकाळीच रिकामे करावे लागले आणि संध्याकाळी अख्खी इमारत कोसळली. ज्या दिवसासाठी बांधले त्याच दिवशी ते गेले. पुढचे दिवस शहराने बंदरातल्या एका धक्क्यावरच्या गोदामात टेबले मांडून काम चालवले. काम चाललेच. कारण माणसे, यादी आणि सवय त्या इमारतीबरोबर कोसळली नव्हती. आपल्याकडे 26 जानेवारी 2001 ला भूजमध्ये जखमींना न्यायचे ते सरकारी रुग्णालयच भूकंपात पडले. जी इमारत सर्वांत शेवटी पडायला हवी ती आधी पडली. केंद्राचे बांधकाम शाळा-कचेऱ्यांच्या दराने आणि सर्वांत कमी निविदा भरणाऱ्याच्या हाताने होऊ देऊ नये, ते यासाठी.

आत काय हवे

इमारत फार मोठी नको. तीन खोल्या पुरतात. एका खोलीत फोन आणि बिनतारी यंत्रे, तिथे आवाज असणारच. दुसऱ्या खोलीत निर्णय घेणारे, तिथे शांतता हवी. तिसरी झोपायला, आणि तिला लागून स्वयंपाक, पाणी, मोरी. बायकांसाठी वेगळा संडास नसेल तर रात्रपाळीला बाई कर्मचारी येणार नाही, आणि मग तालुक्यातली निम्मी हुशार माणसे तुम्ही बाहेर ठेवलीत. पुढारी आणि पत्रकार यांच्यासाठी बाहेर पडवी करा, खुर्च्या मांडा, चहा द्या. आत येऊ देऊ नका. संकटाच्या दिवशी मंत्र्यांचा ताफा आला की जिल्ह्याची सगळी यंत्रणा हार घेऊन उभी राहते, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

भिंतीवरच्या मोठमोठ्या पडद्यांना माझा विरोध नाही. पण आधी भिंतीवर कागद लावा. पेणच्या भिंतीवर पहिला कागद भरती-ओहोटीच्या कोष्टकाचा. तुमच्याकडे समुद्र नाही म्हणून समजावून सांगतो. आमच्याकडे नदीचे पाणी खाडीतून समुद्रात जाते. समुद्राला भरती असेल तर ते पाणी घेत नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला तर समुद्रच आत येतो. आमचा कोळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती. धरणातून पाणी सोडायचे ते तीनला सोडले तर पूर, रात्री नऊला ओहोटीत सोडले तर निभावते. पाणी तेवढेच. एवढे साधे गणित पाटबंधाऱ्याच्या कागदात आणि महसुलाच्या कागदात शेजारी शेजारी लिहिलेले नसते. केंद्राचे काम ते शेजारी आणणे.

खारबांधांचेही तसेच. उधाणात बांधाला खांड गेली तर ती पहिल्या ओहोटीत बुजवावी लागते. प्रत्येक भरतीला ती रुंदावते, आणि एकदा खारे पाणी शेतात ठरले की दोन-तीन वर्षे भात होत नाही. म्हणजे केंद्राला निरोप मिळून माती, पेंढा आणि माणसे बांधावर पोचायला सहा तास मिळतात. सहा तासांत अंदाजपत्रक मंजूर होते असे मी तरी पाहिलेले नाही.

रोह्याच्या भिंतीवर कुंडलिकेचा कागद. डोलवहाळच्या बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी 23 मीटर आणि धोका पातळी 23.95 मीटर धरतात. दोन्हींत अंतर 95 सेंटिमीटर, कमरेएवढे. वर भिऱ्याला मुळशीच्या पाण्यावर वीज तयार होते, ते पाणी कुंडलिकेतच उतरते. नागोठण्याला अंबेची इशारा पातळी 8 मीटर, धोका 9 मीटर. हे आकडे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतात. पण 23.95 म्हणजे कुठल्या आळीत पाणी? कुणाचा गोठा आधी जातो? कुठला पूल बंद? आकड्यासमोर हे गावाच्या भाषेत लिहिलेले नसेल तर आकडा फक्त अहवालात भरायला उपयोगी. प्रत्येक पुरानंतर पातळी, वेळ आणि पाणी कुठवर आले हे तिथल्या लोकांना विचारून वहीत लिहायचे. दहा पावसाळ्यांची वही झाली की कुठल्याही संगणकाला हार जाणार नाही.

इशाऱ्याबद्दल एक गोष्ट रोह्यावरून शिकण्यासारखी आहे. पुराचा भोंगा वाजला तर माणसाने घर सोडून उंचावर जायचे. विषारी वायूचा भोंगा वाजला तर कधी वाऱ्याला आडवे निघून जायचे, कधी दारे-खिडक्या लावून, फटींत ओले फडके कोंबून घरातच बसायचे. मग भोंगा एकच कसा चालेल? 1984 च्या डिसेंबरात भोपाळला लोक वाऱ्याबरोबर पळाले, वायूही त्यांच्याबरोबर गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना कुठला वायू, त्यावर उपचार काय, हे वेळेवर कळले नाही. भोपाळनंतर कायदे झाले, 1989 चे आणि 1996 चे नियम झाले, कारखान्याने कुंपणाबाहेरच्या लोकांना धोका सांगितला पाहिजे असे त्यांत आहे. केंद्रात प्रत्येक कारखान्यापुढे एक पान हवे, त्यात काय साठवले आहे, गळले तर वास कसा, डोळ्यांना लागले तर काय करायचे, दवाखान्यात कुठले औषध हवे. आणि हे पान मराठीत.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे नोंदवही. निरोप किती वाजता आला, कुणाचा, काय, कुणाला कळवला, त्याने काय केले आणि किती वाजता. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पाळी बदलताना पुढच्याने तो विचारायचा. केंद्र चालते की नाही हे बघायचे असेल तर इमारत बघू नका, मागच्या पावसाळ्यातली ही वही मागा.

हुकूम कुणाचा

खोली झाली, फोन झाला. रात्री दोनला एक पोलीस पाटील कळवतो, वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली आहे, झऱ्याचे पाणी गढूळ झाले आहे. फोन घेणारा कारकून लिहून घेतो. मग? तहसीलदारांना उठवायचे, ते प्रांतांना विचारणार, प्रांत जिल्ह्याला. सकाळ होते. माझ्या मते केंद्राच्या आराखड्यातले खरे कलम हेच आहे: वाडी हलवायची, शाळेचे कुलूप तोडायचे, जेसीबी मागवायचा, हे पाळीवरचा माणूस कुणालाही न विचारता करू शकतो की नाही. इशारा खोटा ठरला तर त्याला नोटीस मिळणार की नाही. नोटीस मिळणार असेल तर तो कधीच कुणाला हलवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कायदा आड येत नाही. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष तुम्ही निवडून दिलेला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. 34 व्या कलमाने प्राधिकरणाला रस्ता बंद करायचा, अवशेष हटवायचा, सामग्री आणि माणसे लावायची अशी मोठी सत्ता दिली आहे. जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि तो दरवर्षी तपासून सुधारला पाहिजे, असेही 31 व्या कलमात आहे. सत्ता आहे, ती जिल्ह्याच्या गावात कुलपात आहे. ती लेखी हुकमाने आधीच, मे महिन्यात, तालुक्याच्या पाळीवरच्या माणसापर्यंत उतरवून ठेवायला एक पैसा लागत नाही.

आता तुमचे यवतमाळ. तुम्ही म्हणाल, इथे ना भरती, ना धाटाव. 2017 आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर फवारा उडतो, मजूर चक्कर येऊन पडतात. जुलै-ऑगस्टपासून दवाखान्यात माणसे येऊ लागली. एक या तालुक्यातला, दोन त्या तालुक्यातले. प्रत्येक ठिकाणी तो एकट्याचा आजार होता. राज्यभर बोंब झाली ती ऑक्टोबर उजाडताना, तोवर या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले होते आणि शेकडो खाटेवर होते. त्या दिवसांत एका भिंतीवर तालुक्यांचा नकाशा असता, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने रोज संध्याकाळी एक आकडा कळवला असता, फवारणीची विषबाधा आज किती, तर आठवड्यात नकाशा लाल दिसला असता. कुठल्या औषधांचे मिश्रण, डॉक्टरांनी काय द्यायचे, हेही त्याच फोनवर कळले असते. भोपाळच्या डॉक्टरांना जे कळले नाही तेच इथल्या डॉक्टरांना कळायला वेळ लागला, मध्ये 33 वर्षे गेली.

म्हणून तुमच्या केंद्राच्या भिंतीवर भरतीच्या कोष्टकाच्या जागी फवारणीच्या महिन्यांचा कागद असेल. विजेचा असेल, कारण जून आणि सप्टेंबरात तुमच्याकडे झाडाखाली थांबलेला माणूस विजेने जातो. पुण्याच्या संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर दिली आहे, पण शेतात निंदणीला वाकलेल्या बाईच्या हातात मोबाइल नसतो. तिथे गावचा भोंगा किंवा देवळाचा कर्णाच कामाचा. कापूस बाजारात आल्यावर जिनिंगमध्ये गंज्या लागतात, अग्निशामक गाडी कुठून किती वेळात येते याचा कागद हवा. धरणाखालच्या गावांचा हवा. आणि माझे ऐकाल तर होडीचाही.

पैसा किती, असे कुणीतरी विचारेलच. मी आकडा सांगत नाही, कारण आकडा सांगितला की इमारत होते आणि बाकीचे राहते. मी क्रम सांगतो. पहिली माणसे, तीन पाळ्यांची, बाराही महिने. मग वही आणि यादी. मग बिनतारी यंत्र आणि बॅटरी. मग जनित्र. मग छप्पर. पडदे सर्वांत शेवटी, उरले तर.

पुढच्या बैठकीपर्यंतचे काम ठरवून जाऊ. प्रत्येक तालुक्यातून चार जणांनी तहसील कचेरीत जाऊन आपत्तीचा आराखडा मागायचा. दाखवत नाहीत म्हणाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. त्यातल्या यादीतले कुठलेही दहा फोन नंबर उतरवून घ्यायचे, जेसीबीवाला, रुग्णवाहिका, पोहणारा, सर्पदंशाची लस असलेला दवाखाना, आणि रात्री दहानंतर ते लावून पाहायचे. नम्रपणे बोला, चाचणी आहे म्हणून सांगा, कुणाला घाबरवू नका. किती लागले, किती बंद, किती दुसऱ्याचे निघाले, एका कागदावर लिहा. त्याच आराखड्यात धोक्याच्या गावांची यादी असेल. ती आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा आणि कुठली वाडी, कुठला तांडा, कुठला पोड सुटला आहे ते विचारा. सुटलेली नावे ग्रामसभेच्या ठरावाने तहसीलदारांना कळवा आणि पोच घ्या.

यादी आणि पोच, दोन्ही कागद पुढच्या बैठकीला घेऊन या. दहापैकी किती फोन लागले, तिथून पुढे बोलू.